नखाला न लागणारा रंग

शकुनला भिंत आवडायची. म्हणजे खायला.

तसं यात त्या गावाला नवल काही नव्हतं. भातकुलीच्या अलीकडच्या त्या गावात घरं बायकाच सारवायच्या. दिवाळीच्या आधी नाल्याच्या काठची पांढरी माती टोपल्यांनी आणायची, हंड्यात भिजत घालायची, जुन्या लुगड्याचा बोळा बुडवून भिंतीवर फिरवायचा आणि खाली गेरूचा पट्टा ओढायचा. ही माती वाळत आली की तिला असा काही वास सुटतो की पोटुशी बाई स्वयंपाक टाकून भिंतीशी जाऊन उभी राहते. शकुनच्या आईनं, जयवंतानं, तिच्या वेळी न्हाणीमागची भिंत चांगली हातभर कोरून खाल्ली होती. सासूनं, माणिकबाईनं, ते पाहिलं होतं आणि गालात हसून दुसऱ्या दिवशी तिथं नवा हात फिरवला होता. रांगती लेकरं तर भिंत चाटायचीच. कुणी ओरडलं तर आजी म्हणायची, "खाऊ द्या वं, दात येऊन राह्यले त्याले." भिंत घरचीच, आईच्या हातची. तिचं कुणाला भय वाटणार?

दात आले की लेकरं भिंत सोडतात. शकुननं सोडली नाही. तिसरं सरत आलं तरी ती सकाळी उठली की भाकरीआधी भिंतीकडे जायची. पोट घागरीसारखं आणि हातपाय तुरीच्या काड्या. पापणी उलटून पाहिली तर आत लाली म्हणून नाही, भिंतीसारखंच पांढरं. भातकुलीच्या वैद्यबुवांनी तिचं पोट दाबलं, नखं पाहिली आणि जयवंताकडे न बघता माणिकबाईला म्हणाले, "माती बंद झाली तर हे लेकरू जगंल. नाई झाली, तर माह्यापाशी अवषद नाई."

परतताना बैलगाडीत शकुन आईच्या मांडीवर झोपली होती, आणि झोपेतही तिची जीभ ओठांवरून फिरत होती. जयवंता तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली. आपण खाल्लेली मातीच पोरीच्या रक्तात उतरली, हे तिनं मनाशी धरलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण कुणी नाही म्हटलं तरी काय.

मग सुरू झाली राखण. जयवंतानं पोरीच्या दोन्ही मुठींना चिंध्या बांधल्या. शकुन ते दोन गाठोड्यांसारखे हात पुढे करून घरभर हिंडायची. "माय, सोड ना. माय, सोड." जेवताना आईनं भरवायचं, पाणी आईनं पाजायचं, डोळ्यात गेलेलं कुसळ आईनं काढायचं. तरीही पाणी आणून दारात घागर उतरवावी, तर पोरगी ओसरीच्या कोपऱ्याला दात लावून बसलेली. हनुवटीवर पांढरा चुरा. जयवंता तिचं तोंड उघडून बोटानं माती काढायची, शकुन बोटाला चावायची, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या.

"समोरच्या भितीजवळच जाते ती," माणिकबाई म्हणायची. "आतल्या भितीले धूर लागला हाय, मागच्याले गोठ्याचा वास, ते नाई आवडत तिले. आवड बी कशी पाहा पोट्टीची! आजावर गेली."

समोरची भिंत. सगळं तिथं येऊन अडलं होतं.

ते साल कापसाचं होतं. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस अडकल्यानं विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता, एवढंच गावाला ठाऊक. ज्याच्या वावरात बोंड फुटलं, त्याच्या घरी लक्ष्मी आली. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, कुणी नातलग गोळा करून उगीचच पंगत घातली. जयवंताचा नवरा भगवंतराव गाड्या घेऊन अकोल्याला जायचा आणि आला की पुढचे कैक दिवस त्याच्या तोंडी अकोलाच असायचा. व्यापाऱ्यांच्या घरांची तोंडं कशी रंगवली आहेत, कुठं कसे मोर काढले आहेत.

त्या दिवाळीनंतर त्यानं समोरची मातीची भिंत पाडली आणि विटांची उभी केली. वर चुन्याचा गिलावा. भिंत अशी सरळ की तिच्यापुढे घराची बाकीची अंगं लाजल्यासारखी दिसू लागली. चुना वाळला तसा तो जयवंताला म्हणाला, "अकोल्यातले लोक मानूस लावून रंग देतेत. म्या बी अमरावतीहून एक जण बोलावला. पन भितीचं काम तुमाले समजते. आपल्या घरच्या भितीले बायाच हात लावत आल्या. तं रंग कोनता ते तू सांग."

लग्न होऊन आल्यापासून तिला कुणी काही विचारलं असेल तर ते मीठ किती घातलं एवढंच. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"काहून? सांगता नाई येत?"

"येते ना," ती घाईनं म्हणाली. "पाहून सांगतो."

रंगारी आला तो कुर्बान. अमरावतीच्या परकोटाच्या आतला, चाळिशीचा, दाढीत रंगाचे ठिपके अडकलेला, अखंड बोलणारा माणूस. त्यानं ओट्यावर पुड्या मांडल्या आणि भिंतीच्या एका कडेला चार पट्टे ओढले. एक पिवळ्या मातीचा, एक गेरूचा, एक निळीचा, आणि चौथा एका जाड कागदाच्या पुडीतल्या भुकटीचा.

तो चौथा हिरवा होता. पोपटाचा नाही, कडुनिंबाचा नाही, ज्वारीच्या पहिल्या पानाचाही नाही. या मुलखात असा हिरवा कुणी पाहिलाच नव्हता. उन्हात तो जळत असल्यासारखा दिसे.

"मुंबईहून येते हा," कुर्बान म्हणाला. "विलायती माल. अकोल्यात दोन शेठांच्या घराले म्याच मारला. बाई, रस्त्यानं जानारे मान्सं थांबतेत. बैल बी थांबतेत."

"बैल चाऱ्यासाठी थांबत असतीन," माणिकबाई आतून म्हणाली.

"थांबू द्या की अम्मा. घरासमोर बैल थांबला त शुभच!"

दुसऱ्या दिवशी पट्टे वाळल्यावर जयवंता कुणी नाही असं पाहून भिंतीशी गेली. पिवळ्यावरून तिनं नख ओढलं, नखात पिवळं आलं. गेरू तर बोटालाच लागला. निळीच्या पट्ट्यावर नखाची पांढरी रेघ उमटली आणि चुन्याचा कण निघाला. मग तिनं हिरव्यावर नख लावलं. घसरलं. जोर लावला. काहीच नाही. भांड्याच्या पाठीसारखा तो पट्टा गुळगुळीत होता, आणि तिच्या नखात त्याचा कणही आला नव्हता.

तिनं पुन्हा एकदा नख ओढलं.

"काय करून राह्यल्या बाई?" मागून कुर्बानचा आवाज आला. "रंग डोयानं पाहतेत, नखानं नाई पाहत."

तिनं पदर सावरला. पण विचारायचं होतंच. "हा काहून नाई निघत, भाऊ?"

"तो चुन्यात टिकत नाई. चुन्यात टाकला का मरते. म्हून त्याले डिंकात मारा लागते. बाभयीचा डिंक चांगला शिजवाचा, त्यात भुकटी घोटाची. आन् डिंक तडकू नाई म्हून थोडा गूळ. एकावर एक हात मारले का मंग तुमी सुरी घेऊन बसा, निघनार नाई."

"लेकराच्या नखानं?"

"लेकराच्या नखानं?" कुर्बान हसला. "वाघाच्या नखानं नाई निघनार."

संध्याकाळी भगवंतराव आला तेव्हा तिनं सांगून टाकलं, "हिरवा."

त्याचा चेहरा खुलला. त्याच्या मनात तोच होता. माणिकबाईला मात्र पटलं नाही. "आपली पांढरी माती आन् गेरू काय वाईट होते? हिरवा पिराच्या दर्ग्याले असते."

"अम्मा," कुर्बान म्हणाला, "सुनेच्या हातात चुडा कोनत्या रंगाचा भरला होता तुमी?"

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, जयवंताच्या मनगटाकडे पाहिलं, आणि हसू आवरत म्हणाली, "मोठा तोंडाचा हाय हा मानूस." हिरवा ठरला.

का ठरला ते जयवंतानं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला वाटलं थाटासाठी, सासूला वाटलं नवऱ्यासाठी. पण कुर्बाननं डिंक मागितला तेव्हा तिनं घरातला निवडून निवडून स्वच्छ डिंक दिला. गूळ दिला तो पण घरचा, कोल्हापूरकडच्या ढेपेसारखा पिवळाधमक, सणासाठी ठेवलेला. स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या पातेल्यात तिनं तो शिजवून दिला. कालथ्यानं ढवळताना वर आलेला फेस काढला, जसा लाडवांचा पाक करताना काढतात. बाळंतिणीला हेच तर देतात, डिंक आणि गूळ. बाहेर ओट्यावर कुर्बान त्यात भुकटी घोटत होता आणि शकुन बांधलेल्या मुठी गालांना लावून बघत होती.

भिंत रंगवून झाली तेव्हा गाव लोटलं. कुर्बाननं वरच्या कडेला वेलबुट्टी काढली होती. बारीक रेघेसाठी तो कुंचल्याचं टोक ओठात धरून ओलं करायचा आणि एका श्वासात पान ओढायचा. शेजारची पार्वताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जयवंता वं, दिव्यावाचून उजेड पडला तुह्या दारात." आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. भिंतीवर माशा बसत नव्हत्या. ओट्यावर काकवी सांडली तरी माशी उडत यायची, भिंतीला टेकायची आणि खाली पडायची. भगवंतराव येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचा. "विलायती माल हाय. माशी बी घाबरते."

त्या दिवशी जयवंतानं शकुनच्या मुठी सोडल्या.

आतली बोटं मऊ, सुरकुतलेली आणि पांढरी झाली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. तिनं एकेक बोट चोळलं. शकुन धावतच भिंतीकडे गेली, नख लावलं. पुन्हा लावलं. दात लावले. मग मागे वळून आईकडे असं पाहिलं, जणू कुणी तिच्या हातातून भाकरी काढून घेतली आहे. जयवंताला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "नाई निघत ना? नाई निघत माय. चाल, तुले दूध देतो."

पुढचे दिवस जयवंताच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. पोरगी रडली, रुसली, मग भाकरी खाऊ लागली. तूप घातलेला भात खाऊ लागली. जयवंता रोज सकाळी तिची पापणी उलटून पाहायची, आणि एका सकाळी तिला आत अगदी फिकी गुलाबी झाक दिसली. तिनं सासूला बोलावलं. दोघी उजेडात पोरीचं तोंड धरून बसल्या.

"हाय," माणिकबाई म्हणाली. "लाली हाय वं."

पौष लागला. पहाटे दव इतकं पडायचं की ओट्यावर पाऊल उमटे. दवानं भिंतीवरचा डिंक किंचित नरम व्हायचा, आणि भिंतीला गुळाचा वास यायचा. शकुनला तो वास कळायला वेळ लागला नाही.

जयवंतानं तिला पाहिलं तेव्हा ती भिंतीला गाल लावून उभी होती आणि हळूहळू जीभ फिरवत होती, मांजर फिरवतं तशी. जयवंता हातातला झाडू टाकून धावली. पोरीचं तोंड उघडलं. आत माती नव्हती. जिभेवर फक्त ओलावा आणि थोडी हिरवी छटा.

"गोड हाय," शकुन म्हणाली.

जयवंता तिथंच उकिडवी बसली. तिनं विचार केला. मनापासून केला, आईनं करावा तसा. वैद्यबुवा म्हणाले होते, माती. ही माती नव्हती. नखाला लागत नव्हती, दाताला लागत नव्हती. यात काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? डिंक तिनं निवडलेला, गूळ तिच्या हातचा. उरला रंग. चिमूटभर रंगाचं काय, सणाला लाडवात केशर घालतात, हळद तर रोज पोटात जाते. आणि पोरीनं केवढं सोसलं होतं. एवढ्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काही मागून नाही, स्वतःहून शोधून मिळवलं होतं.

"थोडंसंच हं," जयवंता म्हणाली. "मंग दूध प्याचं."

आणि रोज सकाळी तसंच ठरलं. थोडंसं भिंतीचं, मग दूध.

माघात शकुनला उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा यायच्या, गुडघे पोटाशी घेऊन ती गोल व्हायची. माणिकबाईनं दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या चुलीत टाकल्या आणि मिरच्यांचा ठसका आला नाही तशी म्हणाली, "पाह्य! एवढं मोठं घर रंगवलं, साऱ्या मुलुखाचा डोया लागला." वैद्यबुवांना गाडी पाठवून आणलं. त्यांनी विचारलं, "माती खाऊन राह्यली का?"

"कन बी नाई," जयवंता म्हणाली. आणि ते खरं होतं.

"मंग ही काई दुसरीच खोड हाय," ते म्हणाले आणि पुड्या देऊन गेले.

आजारी म्हणून शकुनला आतल्या खोलीत ठेवलं की आठवड्याभरात उलट्या थांबायच्या. ती उठून बसायची. मग ओट्यावर उन्हात ठेवली की पुन्हा काही दिवसांत तेच. कुणाला त्यात काही दिसलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाहेरचं वारं लागतं, बाहेरची नजर लागते. तिचे केस उशाशी गळू लागले. एके दिवशी ती म्हणाली, "माय, पायाले मुंग्या चावतेत." जयवंतानं अंथरूण झटकलं, पाय पुसले, खाली दिवा धरून पाहिलं. मुंग्या नव्हत्या. "चावतेत," शकुन रडत म्हणाली. "लय चावतेत."

फाल्गुनात ती इतकी थकली की भाकरी नको, दूध नको, आईनं भरवलेलं ओठांतून परत यायचं. फक्त एका गोष्टीसाठी ओठ हलायचे.

"भित."

"नाई माय. बाहीर वारं हाय."

"भित दे ना."

तिनं काही मागितलं हेच जयवंताला केवढं वाटलं. जिला काही नको झालंय तिला काहीतरी हवं आहे. सासू शेजारी गेली होती. जयवंतानं पोरीला गोधडीत गुंडाळलं, कडेवर घेतलं. वजन म्हणून नव्हतंच, नुसती गोधडी उचलल्यासारखं. ती बाहेर आली, पदर पाण्यात भिजवून तिनं भिंतीचा एक तुकडा ओला केला, म्हणजे पोरीला जोर लावायला नको, आणि शकुनचं तोंड हळूच तिथं नेलं. मान धरून ठेवली. ज्या तऱ्हेनं पहिल्या दिवशी तिला छातीशी लावताना धरली होती, त्याच तऱ्हेनं.

"हळू," ती म्हणाली. "हळू घे माही बाई."

त्याच वेळी रस्त्यानं कुर्बान आला. पार्वताबाईच्या घरालाही तोच हिरवा मारायला त्यानं घेतला होता. हाक मारायच्या आधी त्यानं खोकून घेतलं. त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती.

"सलाम बाई. काय, लेक पप्पी घेऊन राह्यली का भितीची?"

जयवंता ओशाळून मागे सरली. "बिमार हाय. तुमच्या हाताले काय झालं, भाऊ?"

"चुन्यानं खाल्ले असतीन. आमचा धंदाच तसा." त्यानं एक फडकं सोडून दाखवलं. नखांच्या कडांना खोल जखमा होत्या. तळहाताची कातडी जाड होऊन तिच्यावर चामखिळीसारखे बारीक दाणे आले होते, आणि मनगटावर काळपट ठिपके, पावसाच्या पहिल्या थेंबांनी धुळीत पडावेत तसे. "आन् पायाले तं अशा मुंग्या येतेत बाई, का रात रात बसून काढतो. बायको म्हनते, चालतानी झिंगल्यावानी दिसतं. म्या म्हनलं, प्यालो असतो तं मजा तरी आली असती!"

तो हसला. जयवंता हसली नाही.

तिनं शकुनचा तळहात उघडला. तो गेले काही दिवस खरखरीत लागत होता, तिला वाटत होतं ताप, वाटत होतं अशक्तपणा. तिनं तो कुर्बानच्या तळहाताशेजारी धरला. एक हात चाळिशीच्या माणसाचा, एक तीन वर्षांच्या पोरीचा. दोन्हींवर तेच दाणे, मनगटांवर तेच ठिपके.

"तुमी चुना किती दिसापासून लावून राह्यले?" तिनं विचारलं.

"लहान होतो तवापासून."

"आन् हे कवापासून?"

कुर्बान बोटांवर महिने मोजू लागला आणि मध्येच त्याची नजर हिरव्या भिंतीवर गेली.

"ही पोट्टी चुन्याले हात नाई लावत, भाऊ. ही हे चाटते. तुमी कुंचला तोंडात धरता ना?"

त्यानं हात आखडून घेतले आणि फडकं पुन्हा गुंडाळू लागला. गाठ बसेना. "गोड लागते," तो खालच्या आवाजात म्हणाला, जणू काही चोरीचं सांगतोय. "डिंकानं गोड लागते बाई."

जयवंता पोरीला घेऊन आत धावली. बोट घालून तिला ओकायला लावलं, कोमट पाणी पाजलं, पुन्हा ओकायला लावलं, तूप पाजलं. पोरगी तिच्या हातांत कापडासारखी लोंबत होती.

घरात कुणी मानलं नाही. भगवंतराव म्हणाला, "रंगानं कोनी मरते का? अकोल्यातले शेठ काय मरून राह्यले?" अकोल्यातल्या शेठांची लेकरं भिंत चाटत नव्हती, हे त्याच्या ध्यानात येईना आणि तिला सांगता येईना. पार्वताबाईनं दारात येऊन ऐकवलं, "सरळ म्हन ना, गावात दुसरं हिरवं घर नको म्हून. त्या मिस्त्र्याले बी भरवलं तूनं. अर्धी भित टाकून गेला माही."

माणिकबाईनं फक्त एकच विचारलं. "चाटत होती ते तुले माहीत होतं?"

"हौ."

"रोज?"

"हौ मामी. मीच नेत होतो."

म्हातारीनं तोंडावर पदर घेतला. आणि ती गोठ्याकडे निघून गेली. बोलली असती, मारलं असतं, तर जयवंताला बरं वाटलं असतं.

शकुन आत राहिली. उलट्या थांबल्या, पोटातल्या कळा गेल्या. या वेळी जयवंतानं तिला ओट्यावर जाऊ दिलं नाही, आणि ती बाहेर न गेल्यानंच बरी होते आहे हे हळूहळू भगवंतरावालाही दिसलं असावं, कारण तो माशांची गोष्ट सांगायचा थांबला. चैत्रात ती भात मागू लागली. पण पाय परत आले नाहीत. उभी केली की पाऊल लुळं पडायचं, पायाखाली जमीन आहे की नाही हे तिला कळतच नव्हतं. वैद्यबुवांनी तळव्याला टाचणी टोचली. पोरगी खाली पाहत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखी.

"चालंल का?" जयवंतानं विचारलं.

वैद्यबुवांनी टाचणी पगडीत खोवली. "जगंल," ते म्हणाले.

पोरीला जन्मभर आत कोंडून ठेवता येत नव्हतं. ती आता ढुंगणावर सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. भगवंतराव म्हणाला, खरवडून काढू. जयवंता नाही म्हणाली. खरवडलेलं पडणार ओट्यावर, अंगणात, कोंबड्यांच्या चोचीत. वर पांढरी माती सारवू, तो म्हणाला. जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं. पांढरी! म्हणजे पोरगी पांढरी खात खात हिरव्यापर्यंत पोचणार.

"मंग कोनता रंग देतं?" तो वैतागून म्हणाला.

यावेळी तिला विचार करावा लागला नाही. ती वावरात गेली आणि काळी माती टोपलीत भरून आली. घराच्या तोंडाला काळी माती कुणी लावत नाही. चुलीच्या मागंही ती लावत नाहीत, गोठ्याच्या भिंतीलाही नाही. वाळली की आखडते, भेगा पडतात, खपल्या गळतात. हे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत. तिनं माती शेणात मळली, त्यात कडुनिंबाचा पाला वाटून घातला, बैलाचं मूत घातलं, भुशाचं कुटार घातलं. भिंत आधी ओली केली आणि हातानं लिंपायला घेतली. लिंपता लिंपता कुर्बानची वेलबुट्टी एकेक पान करून झाकली गेली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबत होती. घरात कुणी गेलं की काय असंच सगळ्यांना वाटलं असणार.

दुपार कलली तेव्हा मागे टोपली टेकवल्याचा आवाज आला. माणिकबाई होती. शेण घेऊन आली होती. सुनेकडे न पाहता तिनं लुगड्याचा काचा मारला आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसून लिंपू लागली.

तिसऱ्या दिवशी भेगा पडल्या. भेगेभेगेतून आतलं हिरवं दिसत होतं, तसंच जळतं. जयवंतानं नवा गारा मळला आणि भेगा भरल्या. पुन्हा पडल्या, पुन्हा भरल्या. हे आता रोजचंच होणार, जसं पाणी भरणं, जसं दळणं, हे तिला कळलं होतं. भगवंतराव सकाळी बाहेर पडताना भिंतीकडे न बघता जायचा, पण एकदा वावरातून येताना त्याच्या गाडीत मागं काळी माती भरलेली होती.

एका सकाळी हात धुऊन ती वळली तर शकुन उंबरा ओलांडून सरकत सरकत भिंतीशी पोचली होती. जयवंताचे हात ओले, पाय जागच्या जागी. ती ओरडणार होती. पण पुढं काय होतं ते पाहिल्याशिवाय तिला राहवेना. आज ना उद्या ते पाहावंच लागणार होतं. शकुननं भिंतीला नाक लावलं. नखानं एक खपली काढली. उलटसुलट करून पाहिली. आणि तोंडात टाकली.

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं जीभ बाहेर काढली, पुसली, पुन्हा काढली. हनुवटीवरून काळी लाळ ओघळली.

"कडू!" ती रागानं म्हणाली आणि थुंकली.

जयवंता धावत जाऊन तिच्यापुढं बसली, पदरानं तिची जीभ पुसू लागली, बोटानं दातांच्या कडा, गालांच्या आतला कण न् कण काढू लागली. पोरीचे लुळे पाय तिच्या मांडीवर पडले होते.

"थुंक माय," ती म्हणत होती. "अजून थुंक. सारं थुंकून टाक."